एकशे अठ्ठ्याण्णव

लाइन डेड झाली की लोक एकशे अठ्ठ्याण्णव फिरवायचे
आणि सायकलला शिडी बांधून मी निघायचो,
रावपुऱ्यातून मांडवी, मांडवीतून फतेपुरा.
चौतीस वर्षं खांबाला मिठी मारून
उजवा गुडघा आधी, मग डावा.
हिशेब उजव्यानं ठेवला.

आता ओल्ड पादरा रोडच्या दवाखान्यात मी उताणा,
गुडघ्याखाली चादरीची वळकटी,
एसी असा की दात वाजतात.
डॉक्टर बिजल, माझ्या धाकटीच्या वयाची,
पडद्यावर माझंच हाड बघत सांगते,
काका, सांधा मी बदलत नाही.
झिजलाय तो झिजलेलाच राहणार.
तिथून बातमी नेणाऱ्या तीन नसा आहेत,
तेवढ्या भाजायच्या.

तीन जोड्या, मी मनात नोंदवलं.

सुई आत. मग तिनं करंट सोडला, अगदी बारीक.
काका, अहीं?
नाही, जरा वर.
अहीं?
हा. त्यां ज.
तिथंच. जिना उतरताना तिसऱ्या पायरीला जो बोलतो, तोच.

केबलच्या पेटीत शंभर तारा, सगळ्या सारख्या,
त्यातली एक शोधायची,
आणि पलीकडून सोबती ओरडायचा, आली, आली!
आज ओरडणारा मी होतो.

मग ती माझ्या पावलाकडे बघत राहिली, हलत नाही ना.
चालवणारी तार वेगळी, रडणारी वेगळी,
भलतीच तोडायची नाही.
हे मला शिकवू नये कुणी.
नव्याण्णव साली, भर दुपारी, उन्हात डोळे दिपून
मी एका घराऐवजी
शेजारच्या प्रसूतिगृहाची लाइन कापली होती.
वीस मिनिटं.
अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ऐंशी अंश. नव्वद सेकंद. तीन वेळा.
जळल्याचा वास येईल म्हणून मी श्वास धरून होतो.
आला नाही.

पहिले दहा दिवस उलट जास्तच ठणकलं.
इंदुमती म्हणाली, गेले पैसे.
मग एका सकाळी खाली जाऊन दूध घेऊन आलो
आणि दारात चप्पल काढताना लक्षात आलं
की मधे जिना होता.

त्या आठवड्यात मी माजलोच.
सूरसागरला दोन फेऱ्या, मग चार,
उभ्यानं सेव-उसळ, वर पाव,
गच्चीवर चढून पाण्याच्या टाकीचं झाकणसुद्धा बसवलं,
जे दोन वर्षं विटेखाली दबून होतं.
गुरुवारी लेंगा बदलताना इंदूच ओरडली,
अहो, हे काय!
गुडघा सुजून नारळ झालेला
आणि मला पत्ता नाही.

तार तोडली म्हणून घरातलं भांडण मिटत नाही.
आपल्यापर्यंत येत नाही, एवढंच.

बिजल फोनवर शांतपणे म्हणाली, बर्फ लावा, चार दिवस बसा.
आता तो तुम्हाला सांगणार नाही,
तुम्हीच रोज विचारत जा त्याला.
आणि वर्षा-दीड वर्षात नसा परत वाढतील हं काका,
वाट शोधत येतात त्या.
म्हणजे कुणीतरी एक पोऱ्या
आत्तापासूनच शिडी घेऊन निघालाय
माझ्या मांडीतून खाली.

इंदू जमिनीवर बसून बर्फ फिरवत होती.
उठताना तिनं पलंगाची कड धरली,
थांबली,
आणि खोलीत आवाज झाला, कट्ट.
माझा नव्हता.

तुझा कसा आहे गुडघा?
माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय.

चौतीस वर्षं मी परक्या दारांत उभा राहून
एकच प्रश्न विचारत आलो,
पेन्सिल कानामागून काढत.
तोच विचारला.
कधीपासून?

तिनं पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं,
फडका पिळला, परत पिळला.
तुमची गोध्र्याला बदली झाली होती ना, म्हणाली,
तेव्हापासून.